मुक्ताबाईंची मूठ

वडगाव रासाईच्या मुक्ताबाई पहिल्यांदा आमच्या खाणीवर आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली, चष्म्याचं घर आणि जर्मलची एक ताटली होती. ताटली जेवायची होती, कडेला थोडी चेपलेली. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "हवालदार, हिच्यात सहातल्या चार गोळ्या लागल्या पायजेत. कवापर्यंत शिकवता?"

मला लिहायची सवय नाही. नोकरीत असताना हत्यारांच्या दुरुस्तीच्या नोंदी लिहिल्या, त्यापलीकडे फारसं काही नाही. पण माझी मुलगी दीक्षा म्हणाली, "पप्पा, त्या बाईंचं लिहून ठेवा, नाहीतर तुम्ही विसराल." विसरणार नाही, पण तरी लिहितो. चुकलं तर चुकलं.

मी खंडू. दौंडला राखीव पोलीस दलात एकतीस वर्षं आर्मरर होतो. आर्मरर म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. मी स्वतः नेमबाज नव्हतो. वर्षाकाठच्या फायरिंगमध्ये जेमतेम पास व्हायचो आणि साहेब म्हणायचे, "खंडू, तू बंदूक नीट कर, चालवायचं आम्ही बघतो." मात्र कुणाचा निशाण्याचा कागद समोर धरला की तो माणूस कुठं चुकतोय हे मला कळायचं. गोळ्या वर गेल्या तर काय, उजवीकडे गेल्या तर काय. एवढी एकच गोष्ट मला येते असं मला वाटतं.

निवृत्तीनंतर माझी बायको कमल गेली. दीक्षा नोकरीनिमित्त हैदराबादला. दौंडच्या घरात मी आणि रेडिओ. न्हावऱ्याच्या अलीकडे दगडाची एक जुनी, बंद पडलेली खाण आहे. तिथं ज्ञानेश नावाच्या माणसानं रीतसर परवानगी काढून रायफल क्लब सुरू केला आणि मला शिकवायला बोलावलं. हत्याराचा परवाना हवा असेल तर आता प्रशिक्षणाचा दाखला लागतो. त्यासाठी रांजणगावच्या कंपन्यांचे सिक्युरिटी गार्ड येतात, काही बागायतदार येतात. आठवड्यातून तीन दिवस मी एसटीनं जातो. बाकीचे चार दिवस कसे जातात ते लिहिण्यासारखं नाही.

मुक्ताबाईंचे यजमान हौसराव गावातलं मोठं प्रस्थ. सोसायटीचे चेअरमन होते. त्यांच्याकडे बत्तीस बोअरचं एक रिव्हॉल्व्हर होतं, इतकं लहान की मुठीत धरलं तर नळी दोन बोटं बाहेर दिसायची. लग्नकार्यात ते कमरेला लावून जायचे. त्यातून आयुष्यात एकही गोळी झाडली नाही. ते वारल्यावर नियमाप्रमाणे रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा झालं.

"मग आता ते तुम्हाला कशाला पाहिजे, बाई?" मी विचारलं. "बिबट्यासाठी असेल तर ते चालत नाही. गुन्हा आहे."

"बिबट्याचं आन् माझं काय वाकडं न्हाई. त्यो उसात ऱ्हातो, मी घरात. मला ऱ्हायचंय, म्हणून पायजे."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा मुलगा विश्वजीत पुण्याला असतो. वर्षश्राद्धाला सगळे भाऊबंद जमले तेव्हा तो म्हणाला, आईनं आता पुण्याला यावं, वस्तीवर एकटीनं राहू नये. बाई नाही म्हणाल्या. बोलणं वाढलं. तेव्हा तो चिडून, थोडं हसतसुद्धा, सगळ्यांसमोर बोलून गेला: "राहा की मग! आप्पांचं रिव्हॉल्व्हर चालवून दाखव. दहा पावलांवरून सहातल्या चार गोळ्या जेवायच्या ताटलीत मार. मी परत कधी पुण्याचं नाव काढणार नाही."

बायका हसल्या. चुलत दीर रखमाजी हसले नाहीत. ते म्हणाले, "शब्द दिलास बरं का, विश्वजीत." आणि मुक्ताबाईंनी पंगतीतली ताटली उचलून बाजूला ठेवली. तीच ही.

"आणि समजा नाही जमलं तर?" मी विचारलं.

"तर मार्गशीर्षात जायचं. सातव्या मजल्यावर. मी आठ दिवस ऱ्हाऊन आलेय तिथं. दार लावलं की कसला आवाजच न्हाई. शेजारणीला नाव विचारलं तर म्हणाली, काही काम होतं का?"

माझ्या दौंडच्या घरालाही तसंच दार आहे, फक्त तळमजल्यावर.

दर गुरुवारी दहा वाजता यायचं ठरलं. त्यांचं रिव्हॉल्व्हर ठाण्यात होतं, पण क्लबचं अगदी त्याच मापाचं एक होतं, त्याच्यावर शिकवायचं. मी त्यांना आधीच सांगितलं की हे हत्यार सगळ्यात अवघड. लांब नळीच्या बंदुकीत हात थोडा हलला तरी चालून जातं. इथं नळीच दोन बोटांची. बोट गव्हाएवढं हललं तर गोळी वीतभर बाजूला जाते. शिवाय चाप जड असतो. लहान आहे म्हणून बायकांना सोपं, असं दुकानदार सांगतात, ते खरं नाही.

"म्हंजी आमच्या धाकट्या जावेसारखं," त्या म्हणाल्या. "दिसायला एवढीशी."

पहिले दोन गुरुवार मी गोळी दिलीच नाही. रिकामं रिव्हॉल्व्हर हातात, नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि ते न पाडता चाप ओढायचा. आमच्या दलात असंच शिकवायचे. नाणं पडायचं, त्या वाकून उचलायच्या. मी उचलायला गेलो तर म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या. पाडलंय मी." चौसष्ट वर्षांच्या बाईनं एका सकाळी चाळीस-पन्नास वेळा वाकायचं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. माझीही कंबर तशीच आहे.

तिसऱ्या गुरुवारी पहिली खरी गोळी झाडली. खाणीत आवाज घुमतो. त्यांनी रिव्हॉल्व्हर सांगितल्याप्रमाणे खाली टेकवलं आणि विचारलं, "कुठं गेली?"

"तुम्ही डोळे उघडे ठेवले असते तर तुम्हालाच दिसलं असतं."

"मी मिटले व्हय?"

"दोन्ही."

बाजूला बाकावर बसलेले दोन गार्ड हसले. एक म्हणाला, "आजी, बंद डोळ्यांनी मारायचं असेल तर साहेबांच्या केबिनकडं तोंड करा." मुक्ताबाई त्याच्याकडं वळल्या. "बाळा, तुझी किती लागली रं मघाशी?" त्याची एकही लागली नव्हती.

डोळे मिटायची सवय घालवायला एक युक्ती असते. चक्रीत चार खऱ्या गोळ्या आणि दोन रिकाम्या पुंगळ्या मिसळून भरायच्या. कुठली कधी येणार हे झाडणाऱ्याला कळू द्यायचं नाही. रिकामी पुंगळी आली की आवाज होत नाही, पण हात मात्र दचकतो, आणि तो दचकलेला हात माणसाला स्वतःलाच दिसतो. पाचव्या गुरुवारपर्यंत त्यांचे डोळे उघडे राहू लागले. तरीही गोळ्या कागदावर आखलेल्या ताटलीएवढ्या गोलात जाईनात. सहातली एखादी कडेला लागायची. बाकीच्या सगळ्या खाली आणि डावीकडे, एकाच जागी, जणू तिथं कुणीतरी दुसरी ताटली ठेवली होती.

खाली आणि डावीकडे म्हणजे मूठ आवळली जाते, एवढं मला कळत होतं. मी सांगायचो, "बाई, मूठ सैल." त्या सैल करायच्या. चाप ओढताना पुन्हा तेच. का, ते मला कळेना. माझी एकच विद्या, तीही चालेना. मी घरी जाऊन त्यांचे कागद जमिनीवर मांडून बघत बसायचो. खरं सांगायचं तर बरं वाटायचं. बऱ्याच दिवसांनी घरात काहीतरी काम होतं.

सहाव्या गुरुवारी त्या आल्या नाहीत. साडेअकराला फोन आला. गोठ्यातला गडी न सांगता निघून गेला होता, म्हैस एकटीवर टाकून येता येईना. मी म्हणालो, ठीक आहे. मग तीन वाजेपर्यंत बाकावर बसलो. ज्ञानेश म्हणाला, "आबा, आज लवकर गेलात तरी चालेल." मी निघालो, पण दौंडच्या गाडीत बसलो नाही. वडगावकडे जाणारी मिळाली, तिच्यात बसलो. असं मी आयुष्यात फारसं केलेलं नाही.

त्यांची वस्ती भीमेच्या अंगाला, गावापासून बरीच आत. दोन्हीकडे ऊस. घर चांगलं, स्लॅबचं, पण चार खोल्यांतल्या तीन बंद. मी ओट्यावर बसलो. त्यांच्यासारख्यांच्या घरी मी ओट्यावरच बसतो, कुणी सांगायला लागत नाही. त्या म्हणाल्या, "तिथं काय बसता? आत खुर्ची हाय की." मी म्हणालो, इथं वारा आहे. त्या आत गेल्या, खुर्ची उचलून आणून गोठ्याच्या दारात ठेवली आणि चहाचा कप माझ्या हातात दिला. "मग हितं बसा. माझी धार हुईस्तवर बोलत तरी बसाल."

पाच वाजले असतील. त्या म्हशीखाली बसल्या. मी चहा प्यायला आणि त्यांचा हात दिसला.

धार काढताना मूठ कशी चालते ते मी लहानपणापासून बघितलं होतं, पण कधी लक्ष दिलं नव्हतं. आधी अंगठ्याजवळचं पहिलं बोट आवळतं, मग त्याच्या मागोमाग दुसरं, तिसरं, करंगळी. आणि शेवटी मनगट खाली ओढतं. एकामागून एक, पाण्यासारखं. पन्नास वर्षं रोज दोन वेळा. पहिलं बोट हललं की बाकीच्यांना निरोप द्यावाच लागत नाही. चाप पहिल्या बोटानं ओढतात. पहिलं बोट आवळलं की त्यांची बाकीची मूठ आपोआप धार काढत होती. गोळी खाली आणि डावीकडे. दुसरं काही नव्हतं.

मला इतका आनंद झाला की चहा थोडा पँटवर सांडला. मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्या, म्हशीच्या पोटाला डोकं टेकवूनच, म्हणाल्या, "बरं झालं आलात. गुरुवार चुकला की आठवडा लई लांबतो."

मी तोंड मिटलं.

हे लिहिताना हात थांबतो. पण लिहायचं ठरवलं आहे. मी सांगितलं नाही. मनात हिशेब झाला तो असा: आज सांगितलं तर दोन गुरुवारांत ही बाई ताटलीत गोळ्या मारील, दाखला घेईल आणि जाईल. नाही सांगितलं तर येत राहील. मी म्हणालो, "हो, लांबतो खरा." आणि चहा संपवून सहाच्या गाडीनं परत आलो.

पुढचे दोन गुरुवार मी त्यांना उभं कसं राहायचं ते शिकवलं. श्वास कधी सोडायचा ते शिकवलं. सगळं खरं होतं, पण काही उपयोगाचं नव्हतं. त्या तक्रार न करता करत होत्या. गोळ्या खाली आणि डावीकडे. आमचं झालं की बाकावर बसून त्या डबा उघडायच्या. एक भाकरी माझ्या हातावर ठेवायच्या आणि गावातल्या गोष्टी सांगायच्या. मी ऐकायचो. मला सांगण्यासारखं फार नव्हतं, तरी कमलबद्दल थोडं सांगितलं.

आठव्या गुरुवारी त्यांनी डबा उघडला नाही. म्हणाल्या, "येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी विश्वजीत येतोय. ताटली बघायला. म्हशीचं गिऱ्हाईकसुद्धा लावलंय त्यानं. त्याला वाटतं आईला काय जमायचं न्हाई." मग चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या. चष्मा स्वच्छच होता. "मला बी आता तसंच वाटाया लागलंय."

तेव्हा मी सांगितलं. सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "बाई, तुमची मूठ धार काढते."

मी हवेत हात धरून दाखवलं. त्यांनी स्वतःचा हात वर केला, हळूच पहिलं बोट ओढलं आणि बाकीची बोटं मागोमाग येताना पाहिली. "आसं व्हय," त्या म्हणाल्या. कधी कळलं, हे त्यांनी विचारलं नाही.

उपाय मी रात्रंदिवस शोधून ठेवलाच होता. घरी रिव्हॉल्व्हर नाही, म्हणून पिकलेलं टोमॅटो. तळहातात टोमॅटो, तीन बोटांनी नुसतं धरायचं आणि पहिल्या बोटानं हवेत चाप ओढायचा. टोमॅटो दबलं नाही पाहिजे. पुढच्या गुरुवारी त्या डबा घेऊन आल्या. "हे घ्या कालवण. आठवडाभर दुसरं काय खाल्लं न्हाई मी." मग पिशवीतून एक टोमॅटो काढून माझ्या हातात दिलं. जास्त पिकलेलं, पण सालीला सुरकुतीसुद्धा नाही. "हे मंगळवारपासून ऱ्हायलंय."

त्या दिवशी सहातल्या तीन लागल्या.

रविवारी विश्वजीत, त्याची बायको मोनाली आणि रखमाजी गाडीतून आले. माझ्या मनात विश्वजीतबद्दल राग होता, तो त्याला पाहून टिकला नाही. साधा माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आबा, गोळीचं काही नाही हो. चैत्रात ती न्हाणीत पडली होती. दुपारपर्यंत तशीच पडून होती. मला संध्याकाळी कळलं. परत पडली तर उचलणार कोण?" मी पडलो तर मला कोण उचलणार, हे मला तरी कुठं ठाऊक होतं.

ताटली दहा पावलांवर दोरीला टांगली. मी चक्री भरून दिली. सहाही खऱ्या.

पहिली लागली. ताटली गर्रकन फिरली. मोनालीनं कानावरचे हात काढून टाळी वाजवली आणि नवऱ्याकडं बघून खाली घेतले. दुसरीही लागली. तिसरी खाली डावीकडे, मातीत.

"फुटलं," मुक्ताबाई पुटपुटल्या. रिव्हॉल्व्हर टेकवलं, हात झटकला. रखमाजी म्हणाले, "काय फुटलं?" काहीतरी सांगावं असं मला वाटलं. सांगायचं तेव्हा सांगितलं नव्हतं, आता बोलायचा मला काय अधिकार. मुक्ताबाईंनी तीन बोटं एकदा उघडली, मिटली, तेवढीच मिटली जेवढी टोमॅटोवर मिटतात.

चौथी लागली. पाचवी अगदी कडेला, पण भोक ताटलीतच.

विश्वजीत ताटलीजवळ गेला. भोकांत बोट घालून बघत उभा राहिला. रखमाजी मागून म्हणाले, "मोजायला इतका वेळ लागतो का रं? चारच हायेत." तो वळला. "आई, रोज सकाळी सात वाजता फोन करायचा. एक दिवस चुकला तर मी निघून येणार."

"सहाला करते. सातला धार असते."

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "एक गोळी ऱ्हायली. ही तुमची, खंडूभाऊ."

तोपर्यंत त्या मला हवालदार म्हणत होत्या. नाही म्हणता आलं नाही. चार माणसांसमोर मी नेम धरला, जे जे शिकवतो ते सगळं आठवलं आणि गोळी झाडली. ताटलीला लागली नाही. रखमाजी जोरात हसले. मुक्ताबाई हसल्या नाहीत. "शिकवणाऱ्याचं आसंच आसतं," म्हणाल्या आणि ताटली सोडवून पिशवीत घातली.

त्यानंतरचा गुरुवार आला. मी दहाला बाकावर होतो. दोन गार्ड आले, त्यांना शिकवलं. पुढचाही गुरुवार तसाच. ज्ञानेशनं एकदा विचारलं, "त्या आजी येत नाहीत आता?" मी म्हणालो, त्यांचं काम झालं. परवान्याचा अर्ज त्यांनी दिला की नाही कुणास ठाऊक. रिव्हॉल्व्हर अजून ठाण्यातच आहे असं ऐकलं. ताटली मात्र त्यांनी वस्तीच्या फाटकाला टांगली आहे, असं वडगावचा कंडक्टर सांगत होता. येणारे जाणारे बघतात.

घरी मी त्यांचे जुने कागद आवरून ठेवले. टाकून दिले नाहीत.

सहावा आठवडा संपला आणि काल सकाळी पावणेसहाला फोन वाजला. दीक्षा इतक्या लवकर करत नाही, म्हणून घाबरून उचलला.

"खंडूभाऊ, तुम्ही माझी धार बिघडवली. म्हस दूध देईना. मूठ निम्मीच चालते, बाकीची बोटं नुसती धरून बसत्यात. म्हशीला वाटतं मी चेष्टा करते."

मी म्हणालो, "बाई, दुरुस्त होईल. सवय आहे."

"तुम्हीच बघून सांगा. तुम्हाला बघितल्यावर कळतं. त्या दिवशी बी कळलंच हुतं की, गोठ्यात. च्या सांडला तुमचा."

फोनमध्ये म्हैस दावं ओढल्याचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, "मी बी इचारलं न्हाई तवा. मला बी गुरुवारची सवय लागली हुती. आता विश्वजीतला फोन करायचाय. ठेवते. कवा येताय?"

"गुरुवारी," मी म्हणालो.

आज मंगळवार आहे.